नियम कुठे लागतो, मन कुठे लागतं

१. तांत्रिक विश्लेषण करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, नियम लिहा आणि डोळे झाकून पाळा. दुसरा म्हणतो, चार्टवर गर्दीची भीती आणि हाव उमटते, ती वाचायला शिका. इतकी वर्षं सौदे केल्यावर माझं मत पक्कं आहे. कधी घ्यायचं, कधी विकायचं, किती घ्यायचं हे नियमानेच ठरावं. मनाची खरी कसोटी तो नियम निवडताना आणि पाळताना लागते.

२. या वादाची सर्वांत चांगली परीक्षा शिकागोत झाली. सौदे करणं नियमांनी शिकवता येतं, असं तिथल्या वायदेबाजारातल्या रिचर्ड डेनिसचं म्हणणं होतं. त्याचा भागीदार विल्यम एकहार्ट याला ते पटत नव्हतं. १९८३ च्या अखेरीस डेनिसने जाहिराती देऊन माणसं निवडली, दोनेक आठवडे शिकवलं आणि स्वतःचा पैसा त्यांच्या हाती दिला. हेच ते ‘टर्टल’. भावाने मागच्या २० दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी, आणि पुढे भाव किती उलटला की बाहेर पडायचं हेही आधीच ठरलेलं. त्यांच्यातल्या अनेकांनी भरपूर कमावलं, म्हणजे डेनिस जिंकला. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. शिकवणी एकच होती, तरी सगळ्यांचे निकाल सारखे आले नाहीत. लागोपाठ तोटे झाल्यावर पुढचा सौदा घ्यायला हात धजावला पाहिजे, आणि तो प्रत्येकाचा धजावत नाही.

३. तोट्यांची रांग हिशेबातच असते. समजा शंभरांपैकी ४० सौदे प्रत्येकी ३,००० रुपये देतात आणि ६० सौदे प्रत्येकी १,००० घालवतात. दलाली आणि कर सोडून ६० हजार उरले, पद्धत उत्तम. पण याच शंभरांत कुठेतरी सलग सहा तोटे येण्याचीच शक्यता जास्त. ही रांग सोसवणार नसेल तर ती पद्धत तुमची नव्हे, दुसरी शोधा.

४. आरएसआय हा भावाचा जोर मोजणारा इंडिकेटर ७० च्या वर गेला म्हणजे भाव पडणारच, असं नाही. जोरदार तेजीत तो बराच काळ वरच राहतो. तो मनासारखं सांगत नसला, तरी हाती असलेल्या शेअरच्या सोयीने त्याची सेटिंग बदलू नये.

५. नफ्यातला शेअर माणूस लवकर विकतो, तोट्यातला धरून ठेवतो. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच हे मांडलं. म्हणून स्टॉपलॉस, म्हणजे कोणत्या भावाला तोटा मान्य करून बाहेर पडायचं ते, सौद्याआधी लिहावा. एकदा पैसे अडकले की प्रत्येक कँडलमध्ये आशा दिसू लागते.

६. स्टॉपलॉसवरही सगळी भिस्त नको. २३ मार्च २०२० ला निफ्टी उघडतानाच कोसळला, सर्किट लागून बाजार काही काळ थांबला आणि दिवसअखेर घसरण १३ टक्क्यांची झाली. अशा दिवशी ठरवलेला भाव मिळतच नाही. तेव्हा वाचवते ती फक्त सौद्याची बेताची रक्कम.

७. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअर्सच्या फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. नवीन येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी रोखीच्या बाजारात, मोजक्या शेअर्सवर, एकच लिहिलेला नियम वर्षभर पाळून पाहा. तोवर ऑप्शन्सला हात लावू नका, आणि कर्जाच्या पैशाने तर कधीच नको.