धडा : टीव्ही बदलण्याआधी करायचा हिशोब

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्याच्या चांदनी चौक बाजारात टीव्हीच्या दुकानांपुढे गर्दी होते. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर फुलांचे, समुद्राचे चित्रण चालू असते. एकेक पाकळी दिसते. शेजारी पाटी असते : ‘४के, बिनव्याजी हप्ते’. घरी परतल्यावर आपला जुना ३२ इंची टीव्ही एकदम फिका वाटू लागतो.

हा धडा टीव्ही घेऊ नका असे सांगण्यासाठी नाही. जास्त स्पष्ट चित्रासाठी मोजलेल्या पैशातून आपल्या घरात, आपल्या डोळ्यांना नेमके काय मिळते, हे मोजायला शिकण्यासाठी आहे.

एक उदाहरण

समजा, विटा-आटपाडी भागातले एक गलाई कारागीर बौबाजारात राहतात. सोने-चांदी गाळण्याचे काम. महिन्याची मिळकत कमी-जास्त होते. एक खोली आणि स्वयंपाकघर, घरात चौघे. भिंतीवर ३२ इंची एचडी रेडी टीव्ही आहे, तो नीट चालतो. समोरच्या पलंगापासून भिंत ८ फुटांवर, म्हणजे सुमारे २४४ सेंटीमीटरवर आहे. त्यांच्या मनात ५५ इंची ४के टीव्ही भरला आहे. हप्ता ३,५०० रुपये, १२ महिने.

घरातली बाई विचारते, “अहो, चित्र मोठं पाहिजे की स्वच्छ, ते आधी ठरवा ना.” प्रश्न साधा वाटतो, पण अर्धा हिशोब त्यातच आहे.

पायरी १ : ठिपके आणि अंतर

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनते. व्हीसीडीच्या चित्रात सुमारे १ लाख ठिपके असत, डीव्हीडीत सुमारे ४ लाख. एचडी रेडी टीव्हीत साधारण १०.५ लाख, फुल एचडीत २०.७ लाख आणि ४केमध्ये जवळजवळ ८३ लाख असतात. आकडे चौपट झाले म्हणून दिसणे चौपट होत नाही, कारण डोळ्याला मर्यादा आहे. निरोगी नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक ठिपके एकमेकांत मिसळून जातात.

यातून घरी वापरता येईल असा सोपा नियम निघतो. टीव्हीच्या इंचांना ४ ने गुणा. येईल तितक्या सेंटीमीटरच्या पलीकडे बसत असाल, तर फुल एचडी आणि ४के यांच्या ठिपक्यांतला फरक सामान्य नजरेला जवळजवळ दिसणार नाही.

४३ इंची टीव्ही : ४३ × ४ = १७२ सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फुटांहून थोडे जास्त.
५५ इंची टीव्ही : ५५ × ४ = २२० सेंटीमीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास.

आपले कारागीर २४४ सेंटीमीटरवर बसतात. म्हणजे ५५ इंची पडद्यावरसुद्धा ४केचे जादा ठिपके त्यांच्या नजरेपर्यंत पोहोचत नाहीत. दुकानात ते दिसतात, कारण तिथे आपण पडद्यापासून दोन-तीन फुटांवर उभे असतो.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठ्या पडद्यावर चित्र मोठे दिसते, हा फायदा खरा आहे. नव्या टीव्हीत काळा रंग अधिक गडद आणि उजेड-सावली अधिक ठळक असेल, तर तो फरक लांबूनही कळतो. पण तो फरक मोठ्या आकाराचा आणि पडद्याच्या प्रतीचा असतो. ‘४के’ या अक्षरांमुळे तो मिळत नाही. म्हणून पैसे कशाचे देतो आहोत, हे ओळखा.

पायरी २ : मूळ चित्र कसे आहे?

नळ कितीही मोठा बसवला तरी टाकीत असेल तेवढेच पाणी येते. टीव्हीचेही तसेच आहे.

याचे सर्वात चांगले उदाहरण कोलकात्याचेच आहे. सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) हे तीन चित्रपट फिल्मवर चित्रित झाले होते. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत आग लागली आणि त्यांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या, आक्रसल्या. तरी ते अवशेष जपून ठेवले गेले. पुढे इटलीतल्या बोलोन्या शहरात तज्ज्ञांनी त्यातला वापरता येईल तो भाग दुरुस्त केला, उरलेला भाग इतर प्रतींवरून घेतला, आणि २०१५ साली हे चित्रपट ४के स्वरूपात पुन्हा पडद्यावर आले. हे शक्य झाले, कारण जुन्या फिल्ममध्ये बारकावा मुळातच भरपूर होता.

आपल्या घरातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये तो नसतो. कॅसेटच्या चित्रात बारकावा डीव्हीडीहूनही कमी. ती ४के टीव्हीवर लावली तर टीव्ही मधले ठिपके अंदाजाने भरतो. जे कॅमेऱ्याने टिपलेच नाही, ते तो आणणार कुठून?

आता स्वतःचे पाहणे तपासा. केबल आणि डीटीएचवरचे चॅनेल एसडी किंवा एचडी दर्जाचे असतात. खरे ४के चित्र मुख्यतः काही ऑनलाइन सेवांच्या महागड्या योजनांत मिळते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले, तेव्हा ४९९ रुपयांच्या योजनेत फुल एचडी आणि ६४९ रुपयांच्या योजनेत ४के, अशी विभागणी होती. फरक महिना १५० रुपयांचा. शिवाय ४के चित्रपटाला तासाला सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. म्हणजे इंटरनेटची योजनाही वाढवावी लागू शकते.

पायरी ३ : पाच वर्षांचा पूर्ण खर्च

टीव्हीची किंमत हा खर्चाचा पहिला भाग असतो, सगळा खर्च नव्हे. आपल्या उदाहरणात असे धरू :

टीव्हीचे हप्ते (३,५०० × १२) : ४२,००० रुपये
ऑनलाइन सेवेचा जादा दर (१५० × ६०) : ९,००० रुपये
इंटरनेटचा जादा खर्च (२०० × ६०) : १२,००० रुपये
जादा वीज (वर्षाला सुमारे १,००० × ५) : ५,००० रुपये
एकूण : ६८,००० रुपये

विजेचा आकडा कसा काढला? मोठा टीव्ही ७० वॅट जादा खातो, रोज ५ तास चालतो आणि युनिटला ८ रुपये पडतात, असे धरले. वर्षाला साधारण १२८ युनिट होतात. तुमच्या बिलावरचा दर घालून हाच हिशोब तुम्हीही करू शकता.

६८,००० रुपये म्हणजे पाच वर्षे दरमहा सुमारे १,१३० रुपये. तेच पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत सध्याच्या ६.७ टक्के दराने टाकले, तर पाच वर्षांनी जवळपास ८०,६०० रुपये हातात येतील. मुलीच्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाला ही रक्कम उपयोगी पडते. दर तिमाहीला सरकार व्याजाचा आढावा घेते. खाते उघडताना जो दर असेल, तो विचारून घ्या.

पायरी ४ : ‘बिनव्याजी’ हप्त्याचे व्याज

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते शुल्कात किंवा किमतीत लपवलेले असते.

आपल्या कारागिराने दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, “दादा, रोख दिले तर कितीला द्याल?” उत्तर आले, ३८,५००. म्हणजे हप्त्यावर घेतल्यास ३,५०० रुपये जास्त जातात. वर्षाच्या व्याजदरात हे १६ टक्क्यांहून अधिक होतात. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर वेगळा.

उलट वाट पाहा. दरमहा ३,२०० रुपये बँकेच्या एक वर्षाच्या आवर्ती ठेवीत टाकले आणि ६ टक्के व्याज धरले, तर वर्षाअखेर सुमारे ३९,६०० रुपये होतात. रोखीने टीव्ही येतो, वर हजारभर रुपये उरतात. मधल्या वर्षात आजारपण आले तर पैसे आपल्याच नावावर असतात आणि हप्ता चुकल्याचा दंड लागत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ही सवलत चांगली आहे, पण ती पुढच्या वर्षीच्या खरेदीलाही लागू पडू शकते. कर कमी झाला म्हणून गरज निर्माण होत नाही.

पायरी ५ : यंत्र जुने होते, आठवण एकच असते

व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आले. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. ब्लू-रेशी स्पर्धा करणारे एचडी डीव्हीडी २००६ साली आले आणि तोशिबाने २००८ सालीच ते सोडून दिले. ज्यांनी घाईने घेतले, त्यांच्याकडे डिस्क उरल्या. पार्क स्ट्रीटवरचे म्युझिक वर्ल्ड हे प्रसिद्ध दुकानही २०१३ साली बंद झाले. नवे स्वरूप पहिल्या वर्षी घेणारा सर्वात जास्त किंमत मोजतो आणि सर्वात जास्त धोका पत्करतो. दोन-तीन वर्षे थांबणाऱ्याला तीच वस्तू स्वस्त मिळते.

मात्र एका गोष्टीला थांबू नका. कोलकात्याच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, आणि त्या चालवणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. आपल्या कारागिराच्या कपाटात लग्नाची एक आणि वारलेल्या वडिलांच्या सत्काराची एक, अशा दोन कॅसेट आहेत. टीव्ही पुढच्या वर्षीही मिळेल, पण वडिलांचा आवाज पुन्हा विकत मिळणार नाही. व्हिडिओचे काम करणाऱ्याकडून त्या डिजिटल करून घ्यायच्या. दर दोन-तीन ठिकाणी विचारायचा, एक प्रत घरी आणि एक गावी भावाकडे ठेवायची. या खर्चातून चित्राचे ठिपके वाढणार नाहीत, पण चित्र वाचेल. व्हिडिओवर खर्च करायचाच असेल, तर पहिला हा करावा.

त्या घराने काय ठरवले?

चालू टीव्ही ठेवायचा. कॅसेट या महिन्यात डिजिटल करायच्या. दरमहा १,००० रुपये मुलीच्या नावाने पोस्टात. टीव्ही बिघडला तर ४३ इंची फुल एचडी रोखीने घ्यायचा, कारण पाहिजे होते ते मोठे चित्र. दुसऱ्या घराचे उत्तर वेगळे येऊ शकते. मोठा पडदा, जवळची बैठक, रोज ४के पाहणे आणि हातात रोख रक्कम असेल, तर ४के घेणे चुकीचे नाही.

तुमच्यासाठी सराव

१. बसण्याच्या जागेपासून टीव्हीपर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. घ्यायच्या टीव्हीच्या इंचांना ४ ने गुणून तुलना करा.
२. गेल्या आठवड्यात घरात काय काय पाहिले ते लिहा. त्यातले ४के किती होते?
३. रोख किंमत आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहा. फरक म्हणजे व्याज.
४. पाच वर्षांचा पूर्ण खर्च ६० ने भागा. ती रक्कम दरमहा आनंदाने द्याल का, हे घरातल्या सर्वांना विचारा.
५. कपाटातल्या कॅसेट आणि जुन्या सीडी मोजा. त्यातली कोणती पहिली वाचवायची?