अर्धी आठवण



२००४ च्या कोपा अमेरिका अंतिम सामन्यात ब्राझीलच्या आद्रियानोने अगदी शेवटी अर्जेंटिनाशी बरोबरी साधणारा गोल केला आणि पेनल्टीवर ब्राझील जिंकले. काही दिवसांतच त्याचे वडील वारले. दुःख विसरायला तो दारू पिऊ लागला. २००९ मध्ये इंटर मिलान सोडून तो रिओला परतला. १९ गोल करून फ्लामेंगोच्या राष्ट्रीय विजेतेपदाला हातभार लावला. काही चाहते त्याला आजही ‘सम्राट’ म्हणतात. काही म्हणतात, देणगी मातीत घातली. दोघेही खरे बोलतात, पण अर्धेच. कृतीला चूक म्हणता येते. माणसाचा निकाल तेवढ्यावर लावता येत नाही. आपल्या शेजारच्या पिणाऱ्याला आपण नावे ठेवतो. त्याचे दुःख कधी विचारले का?