घरची शिवण : आपल्या मापाचे कपडे

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेत शिकलो. यांपैकी अन्न घरोघरी शिजते. निवाऱ्यासाठी गवंडी-सुतार लागतात. वस्त्र या दोहोंच्या मध्ये आहे. ते घरी होऊ शकते; पण पुष्कळ घरांत सुई आता तुटलेले बटण लावण्यापुरतीच बाहेर निघते. आम्ही बँकेत आकड्यांचे काम करणारी माणसे, शिंपीकाम हा आमचा व्यवसाय नव्हे. तथापि आमच्या घरी एक पायमशीन आहे आणि लहान मुलांची झबली, फ्रॉक, घरातले परकर त्याच मशीनवर होत आले आहेत. या कामात जे उपयोगी ठरले ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वस्त्राचा प्रश्न आपल्यासाठी केवळ काटकसरीचा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ ठरवलेल्या माणसांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले नेसायचे, म्हणजे स्वतःच्या अंगाचे माप कधी कोणी घ्यायचेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि त्यात वेशभूषेचा विषय मुद्दाम घेतला. जातीची खूण ठरलेले जड दागिने टाका, लुगडे नेसण्याची जुनी पद्धत बदला, वस्त्राला ठिगळ असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. ठिगळ लावणे हीसुद्धा शिवणच आहे. म्हणून मशीनपुढे बसताना हा इतिहास आठवणे अप्रस्तुत होणार नाही.

भिक्खूंच्या हातातील सुई

शिवण म्हणजे बायकांचे काम अशी एक समजूत आहे. बौद्ध परंपरा या समजुतीला मुळीच आधार देत नाही. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे साधन यांच्याबरोबर सुईचाही समावेश आहे. चीवर हे अखंड कापड नसते, ते तुकडे जोडून शिवलेले असते. मगध देशातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी तशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे आनंदाला विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले, अशी हकीकत विनयपिटकाच्या महावग्गात आहे. वर्षावासानंतर कठिन चीवराचे कापड मिळाले, की ते त्याच दिवशी बेतून, शिवून, रंगवून पुरे करायचे असते आणि त्या कामाला भिक्खुसंघ मिळून हातभार लावतो.

चुल्लवग्गातील दुसरी एक कथा प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने ध्यानात ठेवावी अशी आहे. राजा उदयनाच्या अंतःपुरातून आनंदाला पाचशे वस्त्रे दान मिळाली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजा विचारत गेला. त्यांची पांघरुणे होतील; ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झाडपुशीची फडकी, आणि शेवटी ती फाडून, चिखलात मळून जमीन सारवायला घेऊ, असे उत्तर मिळाले. राजाचे समाधान झाले. जुन्या लुगड्याची गोधडी, धोतराचे दुपटे आणि उरलेल्या चिंध्यांचे पायपुसणे करणाऱ्या आपल्या आजीला ही कथा ठाऊक असो वा नसो, ती वागत होती ती याच रीतीने.

साहित्य व पूर्वतयारी

शिवणयंत्राची रचना फार जुनी नाही. अमेरिकेत एलियास हाउ याला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये पेटंट मिळाले. हातशिलाईच्या सुईला नाके मागच्या टोकाला असते, तर मशीनच्या सुईला ते अणीजवळ असते. वरचा दोरा खाली जातो, बॉबिनचा दोरा त्यात अडकतो आणि दोन्ही मिळून टीप घट्ट बसते. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे लोंबत असतील तर बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो, हे नवशिक्याने आधी तपासावे. साध्या सुती कापडाला १४ नंबरची, तलम कापडाला ११ ची आणि जाड कापडाला १६ ची सुई लावावी. मशीन नसेल तर थांबण्याचे कारण नाही. धावदोरा, उलटी टीप आणि हेमिंग हे तीन टाके हाताने आले, तर लहान मुलाचा कोणताही कपडा पुरा करता येतो.

मोजपट्टी, खडू, टाचण्या आणि चांगली कातर एवढे बाकीचे साहित्य. कापडाच्या कातरीने कागद कापू नये, तिची धार जाते. पहिल्या सरावासाठी मांजरपाट किंवा जुनी सुती चादर घ्यावी.

कापड आणल्यावर लगेच बेतू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारणपणे शेकडा तीन ते पाच इतके आटते. दोन मीटरला ही घट दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणून कापड पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच खडू हातात घ्यावा. कपड्याची उंची कापडाच्या उभ्या धाग्यावर घ्यावी. गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी मात्र तिरक्या धाग्यावर, म्हणजे उरेब कापावी. ती ताणली जाते, त्यामुळे गोलाईवर सुरकुती न पडता बसते.

एका वर्षाच्या मुलाचे झबले

छाती १८ इंच धरू. मूल रांगते, हात वर करते, म्हणून सैलपणासाठी ४ इंच मिळवून तयार झबल्याचा घेर २२ इंच ठेवू. कापडाची एकदा आडवी व एकदा उभी घडी घालून चार पदर करायचे. २२ चा चौथा भाग साडेपाच, त्यात शिलाईचा अर्धा इंच मिळवला की रुंदी ६ इंच. उंची साडेचौदा इंच घ्यावी. त्यातील एक इंच खालच्या दुमडीत जाऊन साडेतेरा इंच उरेल. उलगडलेला तुकडा १२ इंच रुंद व २९ इंच लांब होतो. ३६ इंच पन्ह्याच्या ८० सेंटिमीटर कापडात अशी तीन झबली बसतात.

दोन्ही घड्या जिथे मिळतात तो कोपरा गळ्याचा. तेथून वरच्या घडीवर २ इंचांवर गळ्याची आणि साडेचार इंचांवर खांद्याची खूण करावी. खांद्याच्या खुणेपासून मुंढ्याचा बाक खाली आणत बाजूच्या कडेला ५ इंचांवर मिळवावा. गळा चारही पदरांत आधी फक्त १ इंच खोल कापावा. मग पुढचा भाग वेगळा धरून तेवढ्याचाच गळा २ इंच खोल करावा. खांद्यावर घडी असल्यामुळे तिथे शिवण येत नाही आणि बाळाला काही टोचत नाही.

एवढ्या गळ्याचा घेर सुमारे ११ इंच होतो. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर मात्र सुमारे १८ इंच असतो. म्हणून पाठीमागे मधोमध ५ इंचांची चीर देऊन नाडी लावायची. झबले मागून उघडे का असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. गळा, चीर व मुंढे यांना उरेब पट्टी लावून झाली की बाजू जोडाव्यात. आधी सुलट बाजूवर पाव इंचावर टीप घालावी, मग कपडा उलटवून पुन्हा पाव इंचावर घालावी. कापडाचे सुटे धागे आत बंद होतात आणि कोवळ्या कातडीला घासत नाहीत.

वाढत्या अंगाचा विचार

जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेले मूल वर्षभरात सुमारे ७५ सेंटिमीटरपर्यंत जाते. दुसऱ्या वर्षी त्याची उंची आणखी दहा-बारा सेंटिमीटरने वाढते. पुढे वयात येईपर्यंत वाढ वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर इतकी असते. मूल आधी उंचीत वाढते, घेरात त्या मानाने सावकाश. यावरून बेताचा नियम ठरतो. दोन आकार मोठा कपडा घेऊन मुलाला त्यात बुडवून ठेवू नये. घेर आजच्या मापाचा ठेवावा आणि वाढ आत दडवावी. तीन वर्षांपुढच्या मुलीच्या फ्रॉकला खाली तीन इंचांची दुमड द्यावी, बाजूला एकेक इंच कापड आत ठेवावे आणि दर वर्षी दुमड थोडी सोडावी. तयार कपड्यात अशी शिल्लक क्वचितच सापडते.

स्वतःसाठी : सहा कळ्यांचा परकर

मोठ्यांच्या कपड्यांत परकर सर्वांत सोपा. नितंबाचे माप ४० इंच असेल तर वरचा घेर ४२ इंच ठेवावा. ४२ चा सहावा भाग ७, दोन्ही बाजूंच्या शिलाईचा मिळून एक इंच, म्हणजे कळीची वरची रुंदी ८ इंच. खालची रुंदी १४ आणि लांबी ४० इंच घ्यावी. ३६ इंच पन्ह्यावर एक कळी सुलट, दुसरी उलटी, तिसरी पुन्हा सुलट अशा ठेवल्या तर तीन कळ्या पन्ह्यात नेमक्या बसतात. अशा दोन ओळींना ८० इंच आणि नेफ्याच्या ३ इंची दोन पट्ट्यांना ६ इंच, मिळून ८६ इंच. म्हणजे सव्वादोन मीटर कापड पुरते. एकाच दिशेची नक्षी असलेले कापड मात्र या बेताला चालत नाही. काही कळ्यांवरची नक्षी उलटी दिसेल. शिवून झाल्यावर खालचा घेर ७८ इंच येतो, चालताना पाय अडत नाही. कडेला उरलेल्या निमुळत्या तुकड्यांच्या झबल्याच्या नाड्या होतात.

धोक्याच्या जागा

मुलांच्या कपड्याची नाडी गळ्याभोवती वेढा बसेल इतकी लांब नसावी. हुड किंवा गळपट्टीत सरकती नाडी घालूच नये, ती कशात अडकली तर फास बसतो. बटण ओढून पाहावे. सैल बटण बाळाच्या तोंडात जाते व घशात अडकते. नायलॉन व पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते, म्हणून मुलांसाठी आणि स्वयंपाकाच्या वेळी अंगात असणाऱ्या कपड्यांसाठी सुती कापड निवडावे. सुतीही पेट घेते, तेव्हा लोंबत्या झालरी आणि ढगळ बाह्या शेगडीपासून दूरच बऱ्या. मशीनवर टाचण्या मोजून लावाव्यात आणि मोजून काढाव्यात.

जमाखर्च

आता आमच्या नेहमीच्या कामाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळू. बाजारातील तयार कपडा पुष्कळदा घरच्या कपड्याहून स्वस्त पडतो, हे मान्य केले पाहिजे. शिवण शिकलो म्हणजे सर्व कपडे घरीच शिवावेत असा आग्रह धरू नये. घरच्या शिवणीचा खरा लाभ चार ठिकाणी आहे : तान्ह्या मुलांचे कपडे, परकरासारखी सरळ शिवण, शाळेच्या गणवेशाची वाढवावाढवी आणि दुरुस्ती. यासाठी एक वही घालावी. कापड, दोरा, सुया, मशीनचे तेल-दुरुस्ती आणि मशीनच्या किमतीचा वर्षाचा वाटा एका बाजूला लिहावा. त्याच वस्तूंचा आपल्या गावातील बाजारभाव दुसऱ्या बाजूला लिहावा.

मात्र पहिल्या बाजूस आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे लागलेले तास. घरात शिवणाऱ्या बाईचा वेळ आपण हिशेबात शून्य धरतो आणि मग शिवण फुकटात झाली असे म्हणतो. हा जमाखर्च खोटा आहे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांच्यावर रात्री अकराची शिवण लादली, तर ती काटकसर नव्हे. खर्च फक्त एका माणसाच्या डोळ्यांवर व पाठीवर ढकलला, एवढेच. तासांचा रकाना दोन हस्ताक्षरांत भरला जावा, हाच त्यावर उपाय. मुलाला बटण लावता आले पाहिजे, वडिलांना दुमड घालता आली पाहिजे. बेतण्याचे काम मोजमापाचे आहे, ते गणित येणाऱ्या कोणासही जमते. ज्या धम्मात भिक्खूने सुई जवळ बाळगायची असते, त्या धम्माच्या उपासकाला सुई धरण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एवढेच करावे. घरातील सर्वांची मापे घेऊन तारखेसह वहीत लिहावीत. लहान भावंडासाठी जुन्या सुती साडीचे एक झबले बेतावे, किंवा आपल्याच गणवेशाची दुमड सोडून पुन्हा घालावी. पहिली टीप वाकडी येईल. ती उसवून पुन्हा घालावी, उसवल्याने कापडाचे फारसे बिघडत नाही. आपल्या माणसांचे माप आपल्या हाताने घेता येणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्या पूर्वजांचे माप कोणी घेतलेच नव्हते, त्यांना तर तिचे मोल अधिक कळावे.