दूरच्या देखाव्याचें गणित

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस समजावून सांगावी लागत नाहीं. सोलापूरकडून येतांना तुळजापूरच्या घाटाखालीं क्षणभर थांबून वर पाहावें, किंवा नळदुर्गच्या किल्ल्यांतील उपळी बुरुजावर चढून चोहोंकडे दृष्टि फिरवावी, म्हणजे म्हणीचा अर्थ आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो. बालाघाटाच्या सपाट माथ्यांच्या टेकड्या दुरून निळसर व मृदु दिसतात. जवळ गेलें म्हणजे तेथेंच काळा फत्तर, मुरूम, बाभळी आणि वाळलेलें गवत आढळतें. परंतु संगणकावरील एका जुन्या खेळांत या म्हणीचा अर्थ अगदीं उलटा झाला होता. तेथें जवळचा डोंगर साजरा आणि दूरचा डोंगर ओबडधोबड! असें कां झालें, आणि हौशी मंडळींनीं त्यावर काय उपाय केले, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय खेळाचा असला, तरी त्यांत भूमिति, प्रकाशशास्त्र आणि चित्रकला या तिघींचा संगम आहे. म्हणून तो विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक अभ्यासण्याजोगा आहे.

जुन्या खेळाची अडचण

ज्या खेळांत खेळणारा एखाद्या कल्पित पात्राची भूमिका घेऊन विस्तीर्ण प्रदेशांत हिंडतो, त्यास भूमिकाप्रधान खेळ म्हणतां येईल. अमेरिकेंतील बेथेस्डा या कंपनीची 'द एल्डर स्क्रोल्स' नांवाची मालिका या प्रकारांत प्रसिद्ध आहे. तिचा तिसरा भाग 'मॉरोविंड' २००२ सालीं निघाला. त्यांत थोड्या अंतरापलीकडील सर्व प्रदेश धुक्यांत लपविलेला असे. युक्ति सोपी होती. जें रेखाटतां येत नाहीं, तें झांकून टाकावें. चौथा भाग 'ऑब्लिव्हियन' २००६ सालीं आला, आणि त्यांत हा पडदा दूर सारला गेला. टेकडीवर उभें राहिलें कीं मैलोगणती प्रदेश दिसूं लागला. मात्र जें दिसलें, तें जवळच्या देखाव्याच्या तोडीचें नव्हतें. जवळ गवत, खडे, मातीचा कण न् कण. आणि कांहीं पावलांपलीकडे मात्र रंगाचे पुसट डाग.

याचें कारण आळस नव्हे, काटकसर होय. त्या काळीं ज्या एक्सबॉक्स ३६० यंत्रावर हा खेळ चाले, त्याची सारी स्मृति ५१२ मेगाबाइट होती. तेवढ्यांतच पात्रें, घरें, आवाज, आकाश आणि भूमि यांची सोय लावावयाची. म्हणून जवळच्या जमिनीस बारीक पोत द्यावा, आणि दूरच्या जमिनीवर एकच मोठें ढोबळ चित्र चादरीप्रमाणें पसरावें, असा मार्ग पत्करण्यांत आला. दूरच्या वस्तूस कमी तपशील द्यावा, हें तत्त्व जेम्स क्लार्क या शास्त्रज्ञानें १९७६ सालींच मांडलें होतें. तत्त्व निर्दोष आहे. दोष असतो तो प्रमाणांत.

निसर्ग काय करतो ?

प्रमाण ठरविण्यापूर्वीं निसर्गाकडे पाहूं. निरोगी डोळ्यास सुमारें एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन, वेगळा ओळखतां येतो. या हिशेबानें २ किलोमीटर अंतरावर अर्ध्या मीटरहून थोडें मोठें, सुमारें ५८ सेंटिमीटर, इतकें अंतर असलेले दोन ठिपके वेगळे दिसतील. त्याहून जवळचे एकमेकांत मिसळतील. म्हणून दूरच्या शेतांत ज्वारीचें ताट दिसत नाहीं, शेत दिसतें. पान दिसत नाहीं, झाड दिसतें. परंतु लक्षांत ठेवा, झाड दिसतें! तपशील कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

दुसरें काम हवा करते. हवेचे सूक्ष्म रेणु निळा प्रकाश तांबड्यापेक्षां अधिक विखुरतात, हें लॉर्ड रॅले यानें १८७१ सालीं गणितानें दाखविलें. आपण व डोंगर यांमध्यें हवेचा थर जितका जाड, तितका हा विखुरलेला प्रकाश डोंगराच्या मूळ रंगांत अधिक मिसळतो. त्यामुळें काळोख्या दऱ्या उजळ व निळ्या होतात आणि छायाप्रकाशांतील विरोध मंदावतो. चैत्र-वैशाखांत धूळ व उष्मा यांची त्यांत भर पडून निळाईच्या जागीं पांढुरकेपणा येतो. श्रावणांत एक सर येऊन गेली कीं तीच टेकडी हाकेच्या अंतरावर आल्यासारखी भासते. डोंगर हलला नाहीं. हवा धुतली गेली.

चितारी काय करी ?

संगणकाच्या फार पूर्वीं हाच प्रश्न आपल्या नाटक मंडळ्यांपुढें होता. रंगभूमीची खोली हातभर, आणि दाखवावयाचें अरण्य कोसभर! कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व त्यांचे आतेबंधु आनंदराव यांनीं नाटकांचे पडदे रंगविण्यांत मोठें नांव मिळविलें. पुढें बाबूरावांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून चित्रपटांतही तीच दृष्टि वापरली. पडदा रंगविणारा कुशल चितारी दूरच्या डोंगरावर पानें काढीत बसत नाहीं. तो तीन गोष्टी सांभाळतो: आकाशाच्या रेषेवरील डोंगराची आकृति ठसठशीत असावी, दूरचा रंग जवळच्या रंगाचाच फिकट भाऊ असावा, आणि मधल्या अंतरावर कोठेंही शिवण दिसूं नये. अगदीं अलीकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला, त्यांतही हातानें रंगविलेल्या पोतांचा उपयोग केलेला आहे. साधन बदललें, परंतु चिताऱ्याचे नियम बदलले नाहींत.

हिशेब

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं, व समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. दूरच्या प्रदेशाचा २ किलोमीटर बाजूचा एक चौरस आहे, आणि त्यावर १०२४ × १०२४ बिंदूंचें एक चित्र पसरलेलें आहे. २००० मीटरांस १०२४ नीं भागलें असतां एका बिंदूच्या वांट्यास सुमारें १.९५ मीटर जमीन येते.

पडद्यावरील दृश्याचा कोन ७५ अंश धरूं. तर २ किलोमीटर अंतरावर डावीकडून उजवीकडे सुमारें ३,०७० मीटर रुंदीचा प्रदेश पडद्यांत मावतो. जुन्या पडद्यावर आडवे १२८० बिंदु असत. म्हणजे पडद्याच्या एका बिंदूंत २.४ मीटर जमीन. चित्राचा बिंदु १.९५ मीटरांचा, म्हणजे पडद्याच्या बिंदूहून लहानच. चित्र पुरेसें आहे! आतां तोच खेळ ३८४० बिंदूंच्या आजच्या पडद्यावर लावा. पडद्याच्या एका बिंदूंत केवळ ०.८ मीटर जमीन येते. चित्राचा एकच बिंदु पडद्याच्या जवळजवळ अडीच बिंदूंवर ताणला जातो, आणि देखावा पुसट होतो. चित्र बिघडलें नाहीं. पडदा अधिक चिकित्सक झाला.

परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. दूरचें ढोबळ चित्र ५०० मीटरांपासूनच सुरू होत असेल, तर जुन्या पडद्यावरही एका बिंदूंत ०.६ मीटर जमीन येते, आणि चित्राचा बिंदु तिपटीहून अधिक ताणला जातो. म्हणून खरा दोष क्षितिजावर नसून मधल्या पट्ट्यांत होता. जेथें जवळचें संपतें व दूरचें सुरू होतें, त्या शिवणीवरच डोळा अडखळतो. दुरुस्तीस आरंभ करण्यापूर्वीं दोष नक्की कोठें आहे हें शोधावें, हा धडा येथें मिळतो.

उपाय

बेथेस्डा कंपनीनें खेळाचा प्रदेश बदलण्याचें साधनही खेळणारांस दिलें होतें; त्यामुळें २००६ पासून जगभरच्या हौशी मंडळींनीं, कोणताही मोबदला न घेतां, ही दुरुस्ती हातीं घेतली. त्यांचे उपाय थोडक्यांत असे सांगतां येतील.

पहिला उपाय, चित्र मोठें करणें. १०२४ च्या जागीं ४०९६ बिंदूंचें चित्र घेतलें, तर एका बिंदूस ०.४९ मीटर जमीन येते. पण किंमत पाहा. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास लहान चित्रास ४ मेगाबाइट, तर मोठ्यास ६४ मेगाबाइट स्मृति लागते. बाजू चौपट झाली, ओझें सोळापट झालें. खेळणारा उभा आहे तो चौरस व भोंवतालचे आठ मिळून नऊ चौरस धरले, तर ५७६ मेगाबाइट होतात. म्हणजे त्या जुन्या यंत्राच्या साऱ्या स्मृतीहून अधिक. चित्र आठव्या हिश्शांत बसविण्याची संक्षेपाची रीत वापरली, तर हेंच ओझें ७२ मेगाबाइटांवर येतें.

दुसरा उपाय, चित्राची उतरंड ठेवणें. लान्स विल्यम्स यानें १९८३ सालीं अशी रीति मांडली कीं मूळ चित्रासोबत त्याची निम्म्या बाजूची, पाव बाजूची, अशीं उतरतीं चित्रें तयार ठेवावीं, आणि अंतराप्रमाणें योग्य तें वापरावें. जास्त जागा किती लागेल? पहिलें चित्र १ धरलें, तर १ + १/४ + १/१६ + … ही गुणोत्तर श्रेढी. तिची बेरीज ४/३. म्हणजे केवळ एक तृतीयांश अधिक खर्चांत दूरची चमचम व थरथर थांबते. गणिताच्या तासाला शिकलेली श्रेढी येथें कामास येते! वरील ७२ मेगाबाइट या हिशेबानें ९६ होतात.

तिसरा उपाय, बारीक कण मिसळणें. ढोबळ चित्रावर माती-गवताचा भास देणारा एक लहान, पुन्हां पुन्हां मांडलेला पोत पुसटपणें पसरतात. त्यास स्मृति फारच थोडी लागते, आणि मधल्या पट्ट्यांतील गुळगुळीतपणा जातो. मात्र तो कण ठळक झाला, तर छापील लुगड्याप्रमाणें तीच नक्षी सर्वत्र दिसूं लागते.

चौथा उपाय, रंग जुळविणें. दूरच्या चित्राचा सरासरी रंग जवळच्या जमिनीच्या सरासरी रंगाशीं मिळता करावा. यास स्मृति कवडीइतकीही लागत नाहीं, आणि गुण सर्वांत मोठा येतो. कारण डोळा पुसटपणा सहन करतो, पण अचानक बदललेला रंग सहन करीत नाहीं.

पांचवा उपाय हवेचा. अंतराप्रमाणें निळसर झांक थोडथोडी वाढवीत न्यावी. जुन्या धुक्याप्रमाणें भिंत नको. निसर्गांतील हवेप्रमाणें उतार हवा.

कोठें थांबावें ?

मोठ्यांत मोठें चित्र बसविलें कीं काम फत्ते झालें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. २०४८ बिंदूंच्या चित्रांत एका बिंदूस ०.९८ मीटर येतात. नव्या पडद्यावरही सुमारें अडीच किलोमीटरांपलीकडे पडद्याचा बिंदु याहून मोठा होतो. म्हणजे तेथें ४०९६ चें चित्र बसविणें हें रांजणांत मावणार नाहीं इतकें पाणी ओतण्यासारखें आहे. गरीब घरच्या मुलाचा जुना संगणक अशा उधळपट्टीनें अडखळूं लागतो. ज्यास हिशेब येतो, तो थोड्या साधनांत तोच देखावा उभा करतो.

आणखी एक सावधगिरी सांगण्याजोगी आहे. २०१८ च्या सुमारास शिकविलेल्या यंत्रबुद्धीकडून लहान चित्रें मोठीं करून घेण्याची रीत जुन्या खेळांत रूढ होऊं लागली. अशीं चित्रें रेखीव दिसतात. परंतु जो तपशील मूळ चित्रांत नव्हता, तो यंत्रानें अंदाजानें भरलेला असतो. कल्पित राज्याच्या डोंगरावर हें चालेल. आपल्या जिल्ह्याचा देखावा करतांना चालणार नाहीं. समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें धाराशिवचा परिसर पडद्यावर उभा करण्याचें मनांत आणलें. फेब्रुवारी २००० मध्यें अवकाशयानांतून झालेल्या मोजणीचे उंचीचे आंकडे त्यास सुमारें ३० मीटरांवर एक या प्रमाणांत विनामूल्य मिळतील. त्यांतून बालाघाटाचा उतार व बोरी नदीचें वळण बरोबर उतरेल. परंतु नळदुर्गचा तट, पाणीमहालाचा बांध किंवा धाराशिव लेण्यांचीं दारें ३० मीटरांच्या चाळणींतून गळून जातील. यंत्र तेथें अंदाजानें कांहींतरी दगड बसवील. तट बसविणार नाहीं. तेथें स्वतः जाऊन, मोजून, पाहूनच तपशील भरावा लागेल. ऋतूचेंही तेंच. श्रावणांत हिरवें असलेलें सोयाबीनचें शेत वैशाखांत उघडी काळी माती होतें. एकाच चित्रांत बारा महिने मावत नाहींत.

अभ्यासासाठीं

विद्यार्थिमित्रांनो, हा पाठ नुसता वाचून टाकूं नका. शाळेच्या गच्चीवरून किंवा जवळच्या टेकडीवरून एकच दिशा निवडा. सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं तोच देखावा पाहून तीन प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहा: किती अंतरावर पान दिसेनासें होऊन झाड उरतें? किती अंतरावर झाड जाऊन हिरवा पट्टा उरतो? आणि सर्वांत दूरच्या टेकडीचा रंग आकाशाच्या रंगाहून किती निराळा आहे? पावसाळ्यानंतर एकदां व उन्हाळ्यांत एकदां असें केलें, तर संगणक नसला तरीही या विषयाचा अर्धा अभ्यास झालाच म्हणून समजा.

दूरची वस्तु नीट दाखविण्यास मोठें यंत्र लागतें हा समज अपुरा आहे. तिच्यांत काय ठेवावें, काय सोडावें आणि काय कधींही खोटें भरूं नये, हें ज्यास कळलें, त्याचा डोंगर दुरून साजरा दिसतोच, आणि जवळ गेल्यावरही तो खोटा ठरत नाहीं.