नाताळच्या सुट्टीआधी

पुणे, २० नोव्हेंबर

चि. सोनू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि त्याच रात्री ताईचा फोनही आला. ती म्हणते, पोरगी शिकायला गेलीय की फिरायला? तू म्हणतेस, सगळी मंडळी नाताळच्या सुट्टीत पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग करायला निघालीत, मी एकटीनं खोलीत बसून काय करू? दोघींचंही म्हणणं मला समजतं. पण तू माझं मत मागितलंस, तेव्हा स्पष्ट सांगतो. फिर, भरपूर फिर. मात्र ही दहा दिवसांची सहल या डिसेंबरात नको.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला युनिट टेस्ट, सबमिशन, टर्मवर्क, व्हायवा असं वर्षभर कोणी ना कोणी पाठीशी लागलेलं असतं. तिथे जर्मनीत ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत तुला कुणी काही विचारत नाही. वर्गाला आलीस की नाही, गणितं सोडवलीस की नाही, कुणाला पडलेली नसते. मग परीक्षेचा मोसम येतो आणि बहुतेक विषयांचा सगळा निकाल त्या एका पेपरवर लागतो. नापास झालं तर पुन्हा बसता येतं, पण किती वेळा, याला मर्यादा आहे. शेवटची संधी हुकली की अभ्यासक्रमातूनच नाव जातं. मी तुझ्याच कार्ल्सरूहला होतो तेव्हा चांगली हुशार मुलं अशी परत गेलेली पाहिली आहेत. ती आळशी नव्हती की उनाडही नव्हती. फेब्रुवारी अजून लांब आहे, एवढंच त्यांना जानेवारी उजाडेपर्यंत वाटत राहिलं.

तू हिशोबाची पक्की आहेस, म्हणून आकड्यांतच सांगतो. एका सत्राचे ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं. म्हणजे सत्राला साडेसातशे ते नऊशे तास. त्यातले वर्गात जाणारे फार तर एक तृतीयांश. बाकीचे तुझे तुला उभे करायचे. त्यात बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो फी घेतं. एक सत्र वाढलं तर फी वाढते, सहा महिन्यांचं घरभाडं वाढतं, आणि तो भार ताई-भाऊजींच्या कर्जावर जाऊन बसतो.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा. दर आठवड्याला जी उदाहरणांची शीट मिळते ती त्याच आठवड्यात, शुक्रवार संध्याकाळपर्यंत, स्वतःच्या हातानं सोडवायची. ग्रुपवर आलेली उत्तरं उतरवायची नाहीत. शीट झाली की शनिवार पूर्ण तुझा. त्या दिवशी पुस्तक उघडलंस तर मीच रागावेन. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आठवडेच्या आठवडे आभाळ गच्च भरलेलं असतं. आपल्या उन्हात वाढलेल्या माणसाला ते फार जड जातं. खोलीत कोंडून घेतलेली मुलं जानेवारीत नुसती पानं उलटत बसतात, डोक्यात काही शिरत नाही. दिवसाच्या उजेडात चार-पाच तास चालून आलेलं शरीर रविवारी अभ्यासाला मनापासून बसतं.

आणि त्यासाठी पॅरिस लागत नाही. तुझ्या गावची ट्राम ही जगात नावाजलेली गोष्ट आहे. १९९२ पासून ती शहरातल्या रस्त्यावरून निघून थेट रेल्वेच्या रुळांवर चढते आणि दूरच्या खेड्यांपर्यंत जाते. मार्केटच्या चौकात बसलीस की बाड हेरेनआल्बला, ऐन काळ्या जंगलाच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या, तोंडाशी उतरतेस. डॉइचलांड-तिकीट (मासिक पास) २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालं. पुढे ते महागलं, तरीही देशभरातल्या साध्या गाड्या त्यावर चालतात. आयसीईसारख्या वेगवान गाड्या तेवढ्या चालत नाहीत. साध्या गाडीत शेजारच्या आजीशी मोडकंतोडकं जर्मन बोललीस की भाषेच्या क्लासचे पैसे वसूल होतात. चार राजधान्यांत चार फोटो काढण्यापेक्षा, जिथे राहतेस तो मुलूख पायाखाली घालणं मी कधीही मोठं मानतो.

तू मेकॅनिकलची. तुझ्याच परिसरातली एक सफर तुला माहीत असायला हवी. कार्ल बेंझ हा तुझ्याच गावच्या पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. १८८६ मध्ये त्यानं मोटारगाडीचं पेटंट घेतलं, पण गाडी कुणी विकत घेईना. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून ती तीनचाकी गाडी काढून माहेरी फोर्त्झहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तोवर एवढा लांबचा प्रवास मोटारीनं कुणी केलेलाच नव्हता. वाटेत इंधन संपत आलं, तेव्हा व्हीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दम टाकायची, तेव्हा मुलांनी खाली उतरून ढकलली. परत आल्यावर काय काय कमी पडलं ते तिनं नवऱ्याला सांगितलं आणि पुढच्या गाडीत चढासाठी कमी वेगाचा गिअर आला.

मला या बाईचं विलक्षण कौतुक वाटतं. धाडस म्हणजे काय, हे तिच्याकडून शिकावं. नळी कुठे तुंबते हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच रस्त्यात ती अडली नाही. तिच्या वाटेवर आज पाट्या लावलेल्या आहेत. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की एप्रिलमधलं सत्र सुरू होण्याआधी मोकळे आठवडे मिळतात. त्या वेळी सायकल घे आणि हा रस्ता कर. फोर्त्झहाइमलाच वेस्टवेग ही पायवाट सुरू होते. १९०० साली आखलेली ही वाट काळ्या जंगलातून थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत जाते, सुमारे २८५ किलोमीटर. लाल समभुज चौकोनाच्या खुणा धरून चालायचं. सुरुवातीचे टप्पे वसंतात कर. पुढे वाटेतल्या फेल्डबर्ग शिखरावर तेव्हा बर्फ असतो, तो भाग सप्टेंबरसाठी ठेव.

आल्प्सचं मात्र वेगळं सांगतो. राजगड-तोरणा एका दमात केलेस, हरिश्चंद्रगडावर पावसात राहिलीस, हे मला माहीत आहे. सह्याद्रीत वाट चुकली तर एखादा धनगरवाडा गाठता येतो, कुणी ना कुणी वाट दाखवायला येतं. आल्प्समध्ये जूनमध्येसुद्धा उत्तरेकडच्या उतारांवर जुना, टणक बर्फ असतो, आणि त्यावरून पाय सरकला तर थांबायला काही नसतं. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ येतं, तेव्हा माथा दुपारच्या आत सोडायचा. बव्हेरियातल्या वाटांना रंग असतात : निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. पहिल्या वर्षी काळीवर जायचं नाही, कुणी कितीही चिडवलं तरी. मदतीचा नंबर ११२. जर्मन आल्पाइन क्लबची सभासद हो. त्यात बचावकार्याचा विमाही येतो आणि अनुभवी माणसांची सोबतही मिळते. एकटीनं जायचं नाही, आणि कुठल्या वाटेनं जातेस व कधी परतणार हे खोलीवरच्या मैत्रिणीला लिहून द्यायचं.

शेजारच्या देशांत जाताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही जवळ ठेव. परमिटची मुदत संपत आली असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नकोस.

खर्चासाठी हॉटेलात भांडी घासायचं काम धरावं का, असं विचारलंयस. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण आधी तुझ्या विभागात हिवीची, म्हणजे विद्यार्थी-सहायकाची, जागा आहे का पाहा. पैसे मिळतात, यंत्रशाळेत हात चालतो आणि प्राध्यापक तुला नावानं ओळखू लागतात. थीसिसच्या वेळी ती ओळख फार कामाला येते.

आता नाताळचं. तीन-चार दिवस जरूर जा. श्ट्रासबुर्ग अगदी जवळ आहे, तिथला नाताळचा बाजार पाहा, कॅथीड्रल पाहा. नवीन वर्षाच्या आधी खोलीवर ये आणि उरलेल्या शीट काढ. पण कुठलंही तिकीट काढण्याआधी परीक्षांच्या तारखा आणि नोंदणीची शेवटची मुदत पोर्टलवर बघून मला कळव. ही मुदत गेली तर पेपरला बसता येत नाही. ताईशी मी बोलतो.

तुझा,
मामा