आजोबांच्या रॅलेचं साल कसं ओळखावं?

प्रश्न : माळ्यावर आजोबांची रॅले सायकल सापडली. पावती नाही. ती कोणत्या सालची, हे कसं कळेल?

उत्तर : मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल, तर आधी तोच बघा. रॉकेलच्या चिंधीने वंगण हलकेच पुसा. पॉलिश पेपर मुळीच लावू नका. ‘एडब्ल्यू’ या अक्षरांजवळ ‘५२ ७’ असे आकडे दिसले, तर हब जुलै १९५२चा. मात्र चाक नंतर बदललेलं असू शकतं, म्हणून फ्रेमवरचा नंबरही टिपून घ्या. हँडलखालचा बिल्ला वाचा : ‘नॉटिंगहॅम’ असेल तर सायकल इंग्लंडची; ‘सेन-रॅले’ असेल तर आसनसोलची, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची. आणि कृपया नवा रंग देऊ नका; जुना रंग हाही पुरावाच आहे.