संगणकातील घंटा : इंटरप्ट आणि आभासी यंत्रे

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. माझे वडील एका कचेरीत शिपाई आहेत. साहेबांनी बटण दाबले की घंटा वाजते आणि वडिलांच्या बाकाजवळच्या फळीवर दिवा लागतो. घंटा क्षणभरच वाजते. दिवा मात्र कुणी विझवीपर्यंत जळत राहतो. संगणकाचा इंटरप्ट मला त्या दिव्यावरून समजला.

कळफलक, डिस्क, घड्याळ ही उपकरणे प्रोसेसरला अशीच हाक मारतात. हातचे काम बाजूला ठेवून प्रोसेसर ती हाक पुरी करतो व पुन्हा मूळ कामाकडे वळतो. पण एकाच यंत्रावर अनेक कार्यप्रणाली नांदू लागल्या, की घंटा नेमकी कुणाची हा प्रश्न येतो. आयबीएमच्या सीपी-६७ पासून, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, तो आहेच.

पाहुणी प्रणाली 'इंटरप्ट बंद' अशी आज्ञा देते. ती खरोखर पाळली तर यजमानाचे घड्याळच मुके होईल आणि सारे यंत्र पाहुणीच्या हाती जाईल. म्हणून ती आज्ञा तिच्यापुरतीच खरी मानायची. त्यासाठी यजमानाला ती कळली तर पाहिजे! १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग यांनी हीच अट शास्त्रशुद्ध मांडली. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांत 'पॉपएफ' ही आज्ञा तिथे दगा देई. अधिकार नसलेल्याने दिली तर इंटरप्टविषयीचा बदल ती गुपचूप गाळून टाकी; तक्रार नाही, सूचना नाही. २००५ मध्ये इंटेलने आभासी यंत्रांसाठी प्रोसेसरातच सोय केली तेव्हा ही अडचण दूर झाली.

मला सर्वांत नाजूक वाटते ती जागा वेगळीच आहे. पाहुणीला प्रोसेसर देण्यापूर्वी यजमान पाहतो, 'तिच्यासाठी काही निरोप आहे काय?' नाही, असे पाहून तो वळतो. आणि त्याच निमिषात इंटरप्ट येऊन निरोप ठेवून जातो. पाहणे तर झालेले असते! पाहुणी निरोपाविना चालत राहते. असा दोष हजारात एकदा प्रकटतो, म्हणून सापडतही नाही. उपाय केवळ क्रमाचा आहे : आधी इंटरप्ट बंद, मग पाहणी, मग प्रवेश. लिनक्समधील केव्हीएम हेच करते. मधल्या काळात आलेला इंटरप्ट हरवत नाही. दिवा जळतच असतो. पाहुणीत प्रवेश होताच प्रोसेसर तिला थांबवून यजमानाकडे परततो. मात्र या बंद अवस्थेत यजमानाने थोडकेच काम करावे, आणि झोपी तर मुळीच जाऊ नये.

निरोप पाहुणीला देतानाही तिने आपले इंटरप्ट बंद ठेवले असतील तर थांबावे लागते. ती ते उघडताच आपल्याला कळवावे, असे यजमान प्रोसेसरला सांगून ठेवतो.

एक घंटा मात्र या साध्या बंदीला जुमानत नाही : नॉन-मास्केबल इंटरप्ट. यंत्रातील गंभीर बिघाड कळविणारी ती हीच, आणि तिची वाट यजमानाला वेगळी आखावी लागते.